टर्बो रोटरी इंजिनाची ‘खालची ओढ’ : संशोधनाचा प्रश्न धारदार कसा करायचा?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मेकॅनिकलवाल्यांकडून एक विषय नेहमी येतो: “इंजिनाचा परफॉर्मन्स सुधारणे”. पॅनल पहिलाच प्रश्न विचारतं, “कुठला परफॉर्मन्स? किती आरपीएमला? कशाच्या तुलनेत?” आणि तिथेच गाडी बंद पडते. आज आपण एकच उदाहरण घेऊन हा प्रश्न शेवटपर्यंत सोलून बघू. उदाहरण मुद्दाम लांबचं घेतलंय: टर्बो लावलेली रोटरी स्पोर्ट्स कार, म्हणजे माझदा आरएक्स-७. वरच्या आरपीएमला वाऱ्यासारखी पळते, पण खाली, म्हणजे दोन-अडीच हजारांच्या आसपास, दमल्यासारखी वागते. ही खालची ताकद वाढवायची कशी?

तुम्ही म्हणाल, बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावातून आलेल्या पोराला या गाडीचं काय? पण दुखणं ओळखीचं आहे. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर फडातून डांबरीवर चढवताना ड्रायव्हर कमाल एचपी विचारत नाही. तो विचारतो, “ओढ आहे का?” ही ओढ म्हणजेच कमी आरपीएमवरचा टॉर्क. गाड्या वेगळ्या, भौतिकशास्त्र एकच.

पॉवर आणि ओढ : आधी हिशोब

एक सूत्र पाठ करा: किलोवॅटमधली पॉवर = न्यूटन-मीटरमधला टॉर्क × आरपीएम ÷ ९५४९.

१९९१ मध्ये जपानात आलेल्या तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ चे सुरुवातीचे आकडे होते २५५ पीएस (सुमारे १८८ किलोवॅट) ६५०० आरपीएमला, आणि २९४ न्यूटन-मीटर ५००० आरपीएमला. सूत्रात घालून बघा. ५००० ला पॉवर येते १५४ किलोवॅट. ६५०० ला १८८ किलोवॅट हवी, तर टॉर्क लागतो सुमारे २७६ न्यूटन-मीटर. म्हणजे टॉर्क खाली येतोय तरी पॉवर वाढतेय, कारण आरपीएम वाढतोय.

आता समजा, २००० आरपीएमला एखाद्या इंजिनाचा टॉर्क १६० आहे. पॉवर झाली साडेतेहतीस किलोवॅट. आपण डोकं लढवून टॉर्क २०० वर नेला, म्हणजे तब्बल २५ टक्के वाढ. पॉवर वाढली फक्त साडेआठ किलोवॅटच्या आसपास. १८८ च्या कमाल आकड्यापुढे ती नगण्य दिसेल, माहितीपत्रकात तर दिसणारच नाही. पण ड्रायव्हरला पहिल्या वळणावर कळेल. म्हणून पहिला धडा: कमाल पॉवर हा तुमचा मापदंड नाही. तुमचा मापदंड आहे ठरावीक आरपीएम पट्ट्यातला टॉर्क. पट्टा कोणता, हे प्रस्तावात आकड्यात लिहा.

रोटरी खाली का दमते?

फेलिक्स व्हांकेल आणि जर्मनीच्या एनएसयू कंपनीने १९५७ मध्ये हे इंजिन पहिल्यांदा चालवून दाखवलं. यात पिस्टन नाही. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर आठाच्या आकृतीसारख्या, मध्ये किंचित दबलेल्या घरात फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंवर तीन कप्पे तयार होतात. आरएक्स-७ च्या १३बी इंजिनात असे दोन रोटर आहेत.

एका कप्प्याचं आकारमान काढायला सोपं सूत्र आहे: ३√३ × उत्केंद्रता × रोटरची त्रिज्या × रुंदी. १३बी मध्ये हे आकडे १५, १०५ आणि ८० मिलीमीटर. सेंटीमीटरमध्ये गुणाकार करा: ५.१९६ × १.५ × १०.५ × ८. उत्तर येतं सुमारे ६५४ घन सेंटीमीटर. दोन रोटरचे झाले १३०८. कंपनीही हाच आकडा सांगते. असा हिशोब स्वतः जुळवून बघायची सवय लावा. मुलाखतीत सूत्र विसरलं तरी चालेल, पण आकडा कुठून आला हे माहीत पाहिजे.

तर मग कमजोरी कुठे आहे? तीन ठिकाणी.

पहिली जागा वेळेची. रोटर शाफ्टच्या एक-तृतीयांश वेगाने फिरतो. त्यामुळे पिस्टनचा एक स्ट्रोक शाफ्टच्या १८० अंशांत होतो, तर रोटरीतला तेवढाच टप्पा २७० अंश घेतो. १५०० आरपीएमला शाफ्टचा एक फेरा ४० मिलीसेकंदांचा, म्हणजे रोटरीचा टप्पा ३० मिलीसेकंदांचा. त्याच आरपीएमला पिस्टनचा टप्पा २० मिलीसेकंदांचा. ६००० आरपीएमला रोटरीचा टप्पा साडेसातवर येतो. आता रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, शंभर टक्के घट्ट कधीच नसतात. गळतीला जितका जास्त वेळ, तितका दाब जास्त निसटणार. ठिबकणारा नळ थोडा वेळ राहिला तर बादली ओली होते, रात्रभर राहिला तर भरते. तसंच हे.

दुसरी जागा आकाराची. ज्वलनाचा कप्पा लांबट आणि चपटा असतो. आकारमानाच्या मानाने भिंतीचा पृष्ठभाग जास्त, म्हणून उष्णता भिंतीत जास्त जाते. ज्योतीलाही लांब प्रवास. म्हणून एका रोटरला दोन स्पार्क प्लग दिलेले असतात आणि दुसरा प्लग बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा थोडा उशिरा पेटवतात. आरपीएम कमी असेल तर उष्णता वाया जायलाही वेळ जास्त मिळतो.

तिसरी जागा पोर्टांची. रोटरीत व्हॉल्व नाहीत. घरातल्या खिडक्या रोटर स्वतःच उघडतो आणि झाकतो. १३बी टर्बोमध्ये हवा आत यायची खिडकी बाजूच्या भिंतीत, तर धूर जायची खिडकी घेरावर आहे. मधल्या काळात दोन्ही थोड्या थोड्या उघड्या राहतात. वरच्या आरपीएमला वाहत्या हवेच्या जोरावर हे निभावतं. खाली मात्र जुना धूर नव्या मिश्रणात मिसळतो. शिवाय आतली खिडकी उशिरा बंद होत असेल तर आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते.

लक्षात घ्या, तिन्ही कारणांचा परिणाम एकच दिसतो: टॉर्क कमी. पण तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. “टॉर्क कमी आहे” हे लक्षण झालं, निदान नाही.

टर्बोचं दुखणं : आडात नाही तर पोहऱ्यात कुठून

टर्बो बाहेर जाणाऱ्या धुरावर चालतो. धूर टर्बाइन फिरवतो, तिच्याच दांड्यावरचा कंप्रेसर हवा दाबून आत ढकलतो. ढोबळमानाने कंप्रेसरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पूर्ण वेगाला १० पीएसआय बूस्ट मिळत असेल, तर निम्म्या वेगाला साधारण अडीच. कमी आरपीएमला धूरच कमी, म्हणून टर्बाइन हळू, म्हणून बूस्ट कमी, म्हणून हवा कमी, म्हणून पुन्हा धूर कमी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

इथे दोन गोष्टी सर्रास एकत्र केल्या जातात. संशोधनात त्या वेगळ्या काढल्याच पाहिजेत.

एक म्हणजे बूस्टचा उंबरठा. इंजिन २००० आरपीएमवर स्थिर ठेवून पूर्ण ॲक्सिलरेटर दिला आणि दहा मिनिटं थांबलात, तरी पूर्ण बूस्ट येणारच नाही, कारण तेवढा धूरच नाही. हा स्थिर अवस्थेचा प्रश्न.

दुसरी म्हणजे टर्बोची दिरंगाई, लोक जिला लॅग म्हणतात. ४५०० आरपीएमला धूर पुरेसा आहे, पण पाय दाबल्यावर चाक वेगात यायला क्षणभर लागतो. हा बदलत्या अवस्थेचा, म्हणजे जडत्वाचा प्रश्न.

एकाच आकाराची, फक्त लहान केलेली चाकं घेतली, तर जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतं. व्यास २० टक्के कमी केला की जडत्व उरतं ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.३३. एक-तृतीयांश! म्हणून लहान टर्बो पटकन जागा होतो. पण वर गेल्यावर तोच इंजिनाच्या गळ्यात बोळा होऊन बसतो. धूर बाहेर जात नाही, मागचा दाब वाढतो, आणि आपण वर पाहिलेला धुराची सरमिसळ हा तिसरा आजार आणखी बळावतो.

माझदाने काय काय करून पाहिलं

दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये, म्हणजे १९८५ पासून, टर्बो एकच होता, पण टर्बाइनकडे जाणाऱ्या वाटा दोन होत्या. दोन प्रवाह शेवटपर्यंत वेगळे ठेवले की धुराच्या धक्क्याची ताकद टिकते. रोटरीचा धूर आधीच गरम आणि जोराच्या ठोक्यांनी बाहेर पडतो, त्यामुळे हा उपाय तिला मानवतो.

तिसऱ्या पिढीत दोन टर्बो आले आणि तेही पाळीने काम करणारे. खाली दोन्ही रोटरचा धूर एकट्या पहिल्या टर्बोला. साधारण ४५०० आरपीएमला दुसरा सामील. दुसरा एकदम थंड अवस्थेतून जोडला तर झटका बसेल, म्हणून त्याला आधीच थोडा धूर देऊन फिरतं ठेवायचं. बूस्ट साधारण १० पीएसआय, बदलाच्या क्षणी ८ च्या आसपास, मग पुन्हा १०. खालची ओढ मिळाली. किंमत काय मोजली? व्हॅक्यूमच्या नळ्या, सोलेनॉइड आणि झडपांचं जाळं. एक नळी उष्णतेने कडक होऊन तडकली की पाळी चुकते. म्हणून पुढे कितीतरी मालकांनी दोन टर्बो काढून एकच मोठा बसवला. वरची पॉवर वाढली आणि खालची ओढ पुन्हा गेली!

वेगळ्या वाटाही होत्या. १९९१ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी मध्ये चार रोटर होते, टर्बो नव्हता. तिथे हवा आत येणाऱ्या नळ्यांची लांबी चालू गाडीत कमी-जास्त होत असे. खाली लांब नळी, वर आखूड. २००३ च्या आरएक्स-८ मध्ये धुराची खिडकी घेरावरून बाजूच्या भिंतीत नेली, म्हणजे दोन्ही खिडक्या एकाच वेळी उघड्या राहण्याचा प्रश्नच मिटवला. तिलाही टर्बो नव्हता.

बघा, पोर्टच्या आजारावर पोर्टचा उपाय, टर्बोच्या आजारावर टर्बोचा उपाय. निदान आधी, औषध नंतर.

आणि एक घातक वाट. खाली बूस्ट वाढवा, इग्निशन अलीकडे घ्या, टॉर्क लगेच वाढलेला दिसतो. पण कमी आरपीएमला मिश्रण जास्त वेळ तापतं आणि नॉकिंगचा धोका वाढतो. पिस्टन इंजिन थोडं नॉकिंग सोसून नेतं. रोटरीत एपेक्स सील तुटू शकतं, आणि त्याचे तुकडे घराच्या भिंतीवर ओरखडे काढत बाहेर पडले की इंजिन खोलण्याशिवाय गत्यंतर नाही. इग्निशन मागे घेतलं तर टॉर्क जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून या विषयावरच्या कुठल्याही प्रस्तावात नॉकिंगची मर्यादा कशी मोजणार, हे लिहिलेलं नसेल तर तो प्रस्ताव अर्धाच आहे.

शेजारच्या जिल्ह्यातलं उदाहरण : गरज बदलली की प्रश्न बदलतो

रोटरी इंजिनावरचं काम बघायला जपानलाच जावं लागतं असं नाही. उमापूरच्या शेजारच्या जिल्ह्यात, अहिल्यानगरला, डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन प्रयोगशाळा आहे. ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं स्वदेशी व्हांकेल इंजिन तयार झालं, ते तीन प्रयोगशाळांनी मिळून केलेलं काम होतं. इंजिनाचा गाभा बंगळुरूच्या एनएएलने केला. इग्निशन आणि इंधन यंत्रणा व्हीआरडीईची. उड्डाण चाचण्या एडीईच्या. एप्रिल २००९ मध्ये कोलारजवळच्या एका जुन्या धावपट्टीवर त्याची उड्डाण चाचणी झाली. विमान सुमारे ३५ मिनिटं हवेत होतं.

आता विचार करा. जे इंजिन खाली दमतं म्हणून मोटारीत नावं ठेवली जातात, तेच विमानाला का चालतं? उत्तर भारात आहे. पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, लागणारा टॉर्क साधारण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. निम्म्या आरपीएमला पाव टॉर्क आणि एक-अष्टमांश पॉवर पुरते. खालची ओढ तिथे कुणी मागतच नाही. मागतात ते हलकं वजन, लहान आकार आणि कमी थरथर. यात रोटरी पटाईत. उलट ट्रॅक्टरला सगळ्यात जास्त ओढ लागते ती जागेवरून हलताना. इंजिन तेच, पण भार बदलला की ‘कमजोरी’ हा शब्दच बदलतो.

मुलाखतीत हे सांगता आलं तर पॅनलला कळतं की तुम्ही यंत्र पाठ केलेलं नाही, समजून घेतलंय.

मोजायचं कसं?

समजा, तुम्ही इंटेक पोर्ट बदलला आणि २००० आरपीएमला टॉर्क ८ टक्के वाढला. आनंद करायच्या आधी विचारा, दोन्ही चाचण्या कधी घेतल्या?

पहिली चाचणी मे महिन्यातल्या दुपारी, हवा ४२ अंश. दुसरी डिसेंबरच्या सकाळी, हवा १२ अंश. केल्विनमध्ये ३१५ आणि २८५. दाब तोच धरला तर थंड हवा सुमारे साडेदहा टक्क्यांनी जास्त घन. म्हणजे काहीही न बदलता इंजिनात जाणारी हवाच १० टक्क्यांनी वाढली! तुमचे ८ टक्के त्यात कुठे गेले, शोधून सापडणार नाहीत. म्हणून तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता प्रत्येक वाचनाबरोबर नोंदवा. दुरुस्तीची सूत्रं मानकांमध्ये दिलेली आहेत. पण टर्बो इंजिनाला ती जशीच्या तशी लावताना जपून, कारण वेस्टगेट बूस्ट स्वतःच सांभाळत असतो.

दुसरी गोष्ट डायनोची. जड रूळ फिरवणाऱ्या डायनोवर गाडी काही सेकंदांत खालून वर जाते. टर्बोला स्थिर व्हायला वेळच मिळत नाही. तीच गाडी तिसऱ्या गिअरऐवजी चौथ्यात चालवली तर आरपीएम हळू चढतो आणि बूस्ट कमी आरपीएमलाच आलेला दिसतो. म्हणजे इंजिन तेच, आलेख वेगळा. उंबरठा मोजायचा असेल तर आरपीएम स्थिर धरणारा डायनो हवा. दिरंगाई मोजायची असेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यापासून ठरावीक बूस्ट येईपर्यंतचा वेळ, मिलीसेकंदांत. एका प्रयोगातून दोन्ही उत्तरं काढायला जाऊ नका.

तिसरी गोष्ट, एका वेळी एकच बदल. पोर्ट, टर्बो आणि इग्निशन एकदम बदलून टॉर्क वाढवणं हे गॅरेजचं काम. त्यात कमीपणा काही नाही, ग्राहकाला गाडी पळायला हवी असते. पण कशामुळे किती वाढलं हे सांगता आलं नाही तर तो प्रबंध होत नाही.

आता प्रश्न लिहा

“टर्बो रोटरी इंजिनाची खालची पॉवर सुधारणे” यावरून आपण इथवर आलो: “१५०० ते ३००० आरपीएमच्या पट्ट्यात, स्थिर अवस्थेत, बूस्ट आणि इंटेक तापमान कायम ठेवून, इंटेक पोर्ट बंद होण्याची वेळ १० अंशांनी अलीकडे आणल्यास कप्प्यात टिकणाऱ्या हवेचं वस्तुमान किती बदलतं, आणि नॉकिंगची मर्यादा कुठे सरकते?” वाक्य लांब झालं, पण यातला प्रत्येक शब्द मोजता येतो. पॅनलने “कशाच्या तुलनेत?” विचारलं तर उत्तर वाक्यातच आहे.

रोटरी इंजिन मिळत नसेल तर हाच सांगाडा जवळच्या यंत्राला लावा. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात आणि त्यांचे अहवाल उपलब्ध असतात. त्यात कमाल टॉर्क, तो कुठल्या आरपीएमला, आणि भार वाढल्यावर इंजिन किती तग धरतं, म्हणजे टॉर्क बॅकअप, हे सगळं सापडतं. टर्बो असलेला एक आणि नसलेला एक, सारख्या अश्वशक्तीचे दोन ट्रॅक्टर घ्या आणि त्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. खर्च शून्य. विषय तुमच्या फडातला.

आणि “मराठवाड्यात यावर कुणी काम केलेलं नाही” हे संशोधनातली पोकळी म्हणून लिहू नका. कुठे काम झालं नाही याला पोकळी म्हणत नाहीत, काय कळलेलं नाही याला म्हणतात. फेलोशिपची वर्षं मोजकी असतात आणि घरचे वाट बघत असतात. चुकीच्या प्रश्नावर गेलेलं एक वर्ष कुणी परत देत नाही. त्यामुळे प्रश्न घासायला दोन महिने लागले तरी लागू द्या.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमचा सध्याचा विषय एका ओळीत लिहा. त्यात पट्टा, अवस्था, कायम ठेवलेल्या गोष्टी आणि मोजायची राशी, या चारांपैकी काय काय नाही ते लाल पेनाने खाली लिहा. तीन गोष्टी लाल निघाल्या तरी हरकत नाही, बहुतेकांच्या निघतात. मग त्याच कागदावर ती ओळ पुन्हा लिहा.